पेटीला धरून गाणारा

सत्तरच्या दशकात महाडात आम्ही कारकून-मास्तरांनी ऑर्केस्ट्रा काढला होता. मी पेटी वाजवायचो, निदान तसं मला वाटायचं. सावित्री नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा पेटीही भिजली होती. ती मी उन्हात वाळवली आणि बरी झाल्याचं स्वतःच जाहीर केलं.

कोरसमध्ये पोलादपूरहून एसटीने येणारे एक गृहस्थ होते. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. चपला भिंतीशी जोडून ठेवायचे, टोपी खिशात घालायचे आणि माझ्या शेजारी उभे राहून गाताना नजर माझ्या बोटांवरून काढायचे नाहीत. मला ते फार आवडायचं. पण कोरस पंचमावर पोचला की त्यांचा आवाज तेवढा खाली घसरायचा. कार्यक्रम जवळ आला तसे आमचे संचालक मला म्हणाले, "त्यांना या खेपेला बसायला सांगा."

मी चहा पाजून सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली.

"लेकीच्या सासरची मानसं यायची हायत ऐकायला," ते म्हणाले. "पन माझं चुकतंय कुठं, मास्तर? बाकीचे आपल्या मनानं गातात. मी तुमच्या पेटीला सोडून कधी गेलो नाय."

मी जाऊन संचालकांना म्हटलं, "दोष पेटीचा आहे."

"ते सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणाले, "म्हणून तर तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही."

कार्यक्रमात गृहस्थ माझ्या शेजारीच उभे राहिले आणि अगदी सुरात गायले. माझी बोटं पेटीवर झोकात फिरत होती. भाता तेवढा मी मारला नाही.