बोंडअळीचा मजकूर ठेवायचा कुठं?

ऑफिसात टायपिंग करणाऱ्या मंडळींनो, आज इतकी खूश आहे की चहा बाजूला ठेवून हे लिहून राह्यली.

यंदा कपाशीवर बोंडअळी आली, त्यामुळे आमच्या तहसील ऑफिसात नुकसानीच्या पंचनाम्यांचा ढीग आहे. प्रत्येकात अर्धा मजकूर तोच. म्हणून मी तो साठवून ठेवायचं ठरवलं. 'बोंड' टाइप करून एक बटन दाबलं की अख्खा परिच्छेद हजर.

माझ्याच कम्प्युटरमध्ये ठेवणार होती, कोणी त्यात हात घालू नये म्हणून. शेजारच्या टेबलावरच्या वंदनाताई म्हणाल्या, "अन् तुही बदली झाली तं आम्ही काय करावं?" मग सगळ्यांच्या सामाईक फोल्डरमधल्या टेम्प्लेटमध्ये ठेवला.

आज सकाळी माझा कम्प्युटर बंद पडला. समोर मुकुटबनकडची एक मावशी पंचनाम्यासाठी बसलेली. ताईंच्या कम्प्युटरवर 'बोंड' टाइप केलं, बटन दाबलं, परिच्छेद आला. शेवटी एक नवी ओळ होती, ताईंनी घातलेली: 'मजकूर शेतकऱ्यास वाचून दाखवला.'

आता ओळ छापायची म्हणजे वाचणं आलंच. पूर्ण पंचनामा वाचायला घेतला. मावशी मधेच म्हणाली, "थांब बाई. धुऱ्यापलीकडचं वावर माह्यं नाही, दिराचं हाय."

बांधापलीकडचं ते शेत पंचनाम्यातून काढलं, मग तिनं अंगठा उमटवला.

माझ्याच कम्प्युटरमध्ये ठेवला असता तर ही ओळ त्यात कधी आलीच नसती.

तुमचा रोजचा मजकूर कुठं असतो? त्यात दुसऱ्या कोणाला हात घालता येतो का?