सात गावांच्या पाण्याची पुस्तिका

दुष्काळ सरून दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे पाण्याचं नाव काढलं की माणसं ऐकायला बसत. भीमाकाठची सात गावं एका उपसा सिंचन संस्थेत सामील व्हायची होती. काही आमच्या शिरूर तालुक्यातली, काही पलीकडची दौंडातली. आधी लोकांना सगळं कळलं पाहिजे म्हणून सरकारनं पुस्तिका छापली. ती वाटायचं आणि वाचून दाखवायचं काम अर्थातच आम्हा शिक्षकांकडे आलं. खानेसुमारी आम्ही, मतदारयादी आम्ही, लस टोचायला माणसं गोळा करणारेही आम्हीच. वेळ उरला तर शिकवायचं.

पुस्तिकांचे गठ्ठे दौंड स्टेशनात उतरले आणि आमची बैठकही तिथंच झाली. साहेबांनी सांगितलं, मोठ्या अक्षरातलं तेवढं वाचा, शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर कचेरीसाठी आहे. मी मान डोलावली. सोबत एक वही मिळाली. पुस्तिका घेणाऱ्या प्रत्येक खातेदाराचा त्यात अंगठा घ्यायचा आणि खाली आपली सही करायची. सहीच्या वर आधीच छापलेलं होतं : वाचून दाखविले व समजावून दिले.

मी वाचायचो मात्र झकास. माझा आवाज चांगला होता आणि मला ते ठाऊक होतं. मांडवगणच्या पुढं एका गावात आमच्या बौद्ध वस्तीत वाचायला बसलो, तेव्हा तर जास्तच रंगलो. शिकून गुरुजी झालेला आपला माणूस सरकारचं पुस्तक घेऊन आलाय, याचं वस्तीला कौतुक होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही होतं.

पुढच्याच रांगेत एक आबा बसले होते. सत्तरीचे असतील. वतनं खालसा झाल्यावर कचेरीत खेटे घालून घालून त्यांनी तीन एकर जमीन स्वतःच्या नावावर करून घेतली होती. वाचन संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"गुरुजी, पाण्याची चारी माझ्या रानातनं तर न्हाई ना जायाची?"

मी पुस्तिकेची मोठ्या अक्षरांची पानं भराभर उलटली. हिरवी शेतं, हसरी माणसं, वाहतं पाणी. दिवस मावळायच्या आत मला आणखी दोन वस्त्या करायच्या होत्या.

"पुस्तकात तसं काही नाही, आबा."

"तुम्ही म्हणताय म्हंजी झालं," म्हणून त्यांनी अंगठा उठवला.

चार महिन्यांनी त्यांच्या रानात खुंट्या ठोकल्या गेल्या. आबा नोटीस घेऊन माझ्या घरी आले आणि मी ती त्यांना वाचून दाखवली. चारी रानातून तिरपी जाणार होती आणि वरच्या अंगाला टाकी येणार होती. विहीर टाकीखाली जात होती. विहिरीवाचून त्या रानाला काही अर्थ नव्हता, हे मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. त्यांना बसवून मी आतून पुस्तिका आणली आणि शेवटचं पान पहिल्यांदा वाचलं. जमिनी जाणाऱ्या गट नंबरांची यादी तालुक्याला पाहायला मिळेल, हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी. एवढंच होतं. दोन मिनिटांचं वाचन.

आबांशी मी त्या पानाबद्दल बोललो नाही. उद्या शिरूरला जाऊन बघतो, असं म्हणालो.

रात्री अर्ज मात्र खरा लिहिला. शेवटचं पान मी वाचून दाखवलं नाही, चूक माझी आहे, तरी यांची हरकत मुदतीतली धरावी. सकाळी कचेरीत गेलो. तिथले कारकून ओळखीचे होते. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, कपाटातून वही काढली आणि माझी सही माझ्यासमोर धरली.

"घेतो मी अर्ज," ते हळू म्हणाले. "म्हाताऱ्याचं काम होईलही. पण मग ही सही खोटी ठरती, गुरुजी. नोकरी ऱ्हायची न्हाई. ठिवू का?"

घरात मी एकटा कमावता होतो. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. वडिलांनी दुसऱ्याच्या बांधावर राबून मला शिकवलं होतं. सबबींना काय तोटा, आणि त्यातली एकही खोटी नव्हती. मी हात पुढं केला आणि अर्ज परत घेतला. कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हे त्यांचे उपकार.

येताना वाटेत आबांच्या घरी उतरलो. ते दारातच वाट बघत उभे होते.

"मुदत गेली, आबा," मी म्हणालो.

ते आत वळून बायकोला म्हणाले, "आगं, च्या टाक. आपल्यासाठी शाळा बुडवून शिरूरला गेलता ह्यो मानूस. मुदतच सरली, त्याला त्यो तरी काय करील?"

म्हातारीनं दूध घालून चहा केला. त्या घरात दूध नातवापुरतंच असायचं. मी तो चहा सगळा प्यालो.