हबवर पाचपर्यंत

फौजेत मी व्हेईकल मेकॅनिक होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो. गाव मिरजगाव. आमच्या घरात मी पहिला पदवीधर. बी.ए. नोकरीत असतानाच, बाहेरून परीक्षा देऊन केलं. परीक्षेसाठी रजा मंजूर करणारे सुभेदार साहेब आणि अभ्यासासाठी माझ्या ड्युट्या स्वतःवर घेणारा नाईक योहान, या दोघांचे माझ्यावर उपकार आहेत. हे योहानबद्दल लिहितो आहे.

योहान ड्रायव्हर होता, कोपरगाव तालुक्यातला. आमची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात होती. रस्ता अरुंद, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला नाला. दिवस ०५०० वाजता फर्स्ट परेडने सुरू व्हायचा. इंजिन चालू करण्याआधी ऑइल, पाणी, हवा, बॅटरी तपासायची. मग वाटेत प्रत्येक हॉल्टला ड्रायव्हरने खाली उतरून चाकांच्या हबवर, म्हणजे मधल्या गोल भागावर, उलटा हात ठेवायचा आणि मोजायचं. पाचपर्यंत हात टिकला तर गाडी पुढे. नाही टिकला तर गाडी जागेवर उभी करायची आणि मेकॅनिकने चाक उघडायचं. उलटा हात अशासाठी, की भाजलं तरी स्टिअरिंग धरायला तळवा शाबूत राहावा.

योहान मोठ्याने मोजायचा. त्याचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी होते. युनिटमधली पोरं त्याला म्हणायची, "पाचवरच का थांबला? पाढा पूर्ण कर की!"

एका रजेत त्याने नगरमध्ये जुनी सात सीटर एसयूव्ही पाहिली. गुरुजींच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. बसमध्ये त्यांना बसवत नव्हतं आणि दर महिन्याला नगरला दाखवायला न्यावं लागे. योहानने मला युनिटमध्ये फोन केला.

"उस्ताद, गाडी लई भारी हाय. पप्पा मधल्या सीटवर आडवे झोपत्यात."

"मोठी गाडी स्वस्त मिळते, पार्ट मात्र महागच लागतात. रेडिएटरचं पाणी कसं आहे?"

"चहासारखं."

"म्हणजे रेडिएटर बदलावा लागेल. क्लच?"

"लई वर धरतोय."

"संपलाय. टर्बोची शिट्टी येते? खड्ड्यात पुढून खडखड वाजतं?"

"दोन्ही व्हय. उस्ताद, तुमी गाडी तपासताय का मला घाबरवताय?"

मी हसलो. मग त्याने चालत्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. साठच्या पुढे डाव्या पुढच्या चाकातून एकसारखी घरघर येत होती. मी एकदा ऐकलं आणि सांगितलं, "टायर एका बाजूने झिजलाय. अलाइनमेंट कर. बाकी काही नाही."

त्याने गाडी घेतली. राहिलेल्या रजेत बायकोला, मार्था वहिनींना, तीच गाडी चालवायला शिकवली आणि ड्युटीवर परत आला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमचा कॉन्व्हॉय, गाड्यांचा ताफा, ०५३० वाजता निघाला. योहानचा ट्रक शेवटून दुसरा होता. मी सर्वात पुढच्या गाडीत होतो. ०८४० वाजता आम्ही उताराला लागलो होतो. रेडिओवर योहान आला.

"मेकॅनिक, डावा पुढचा हब गरम आहे. ओव्हर."

"किती? ओव्हर."

"दोनपर्यंतच हात टिकतोय. ओव्हर."

नियम मला पाठ होता. पण पुढची गाडी अडल्याने तो उभा होता ती दरड कोसळण्याची जागा होती. तिथे थांबायला मनाई होती. उतारावर ब्रेक तापतात, हे मी शेकडो वेळा पाहिलं होतं.

"ब्रेकची गरमी असेल. चार किलोमीटरवर हॉल्ट आहे. सेकंड गिअरमध्ये हळू ये. ओव्हर."

"रॉजर. आउट."

०८५२ वाजता मागच्या गाडीने रेडिओवर सांगितलं की ट्रक नाल्यात गेला. बेअरिंग फुटून चाक निखळलं होतं. सोबतचा जवान वाचला. वळणाआधी योहानने दार उघडून त्याला बाहेर ढकललं होतं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी माझे शब्द जसेच्या तसे सांगितले. परिस्थिती पाहता सल्ला योग्य होता, असा निष्कर्ष निघाला. मला शिक्षा झाली नाही.

निवृत्तीनंतर मिरजगावात हायवेला गॅरेज टाकलं आणि कोपरगावला गेलो. गाडी अंगणात ताडपत्रीखाली होती. उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं. मार्था वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मामांना न्यायला दर खेपेला दुसऱ्याच्या दारात जावं लागतंय. ही चालंल का? न्हाईतर इकून टाकते."

"चालेल," मी म्हणालो. गाडी टो करून मिरजगावला आणली.

रेडिएटर, क्लच सेट, टर्बोचे होज, दोन इंजेक्टर, पुढचे बुश आणि बॉल जॉइंट, वायरिंग. नुसत्या पार्टचेच ऐंशी हजारांवर गेले. मजुरी मी लावली नाही. डावं पुढचं चाक शेवटी उघडलं. टायर सगळीकडे सारखा झिजला होता. बेअरिंगच्या आत खड्डे पडले होते. फोनवर मी ऐकलेली घरघर त्याची होती. नवं बसवलं आणि जुनं बाकीच्या पार्टबरोबर गोणीत टाकलं.

आमच्याकडे बदललेले जुने पार्ट गिऱ्हाइकाला परत देतात, काम खरंच केल्याचा तो पुरावा. गाडी पोचवली तेव्हा पार्टची गोणी गुरुजींसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि बिल हातात घेऊन एकेक पार्ट ताडून पाहिला. शेवटी एक उरला.

"हवालदार, हे बिलात नाही."

"बेअरिंग आहे, गुरुजी. त्याचे पैसे नकोत."

"पैशांचं विचारलं नाही मी. बाकी सगळं लिहिलंत, हेच का गाळलं?"

मग मी सांगितलं. फोनवरचा आवाज सांगितला आणि रेडिओवरचे शब्द सांगितले. दोनचा आकडाही सांगितला. तोपर्यंत त्या घरात एवढंच माहीत होतं की ट्रक बिघडला.

गुरुजींनी ते बेअरिंग बोटांनी फिरवलं. ते अडकत, खरखरत फिरलं. त्यांनी ते गोणीत टाकलं नाही, मांडीवर ठेवलं. म्हणाले, "त्याने थांबायचं का, असं विचारलं होतं?"

"नाही. मी सांगितलं ते ऐकलं."

"हं. ऐकायचा तो. लहानपणापासून."

वहिनी आत गेल्या. मी उठायच्या बेतात होतो. त्या चहा घेऊन आल्या, पण कप माझ्या हातात न देता खाली ठेवला. म्हणाल्या, "किती मोजायचं म्हनलात?"

"पाच."

"कुठं हात ठेवायचा, दाखवा."

मी दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

आता दर महिन्याला वहिनी गुरुजींना घेऊन नगरला जातात. गाडी स्वतः चालवतात. कोल्हारच्या पुलाअलीकडे थांबून चारही हबवर हात ठेवतात आणि मला फोन करतात. आमच्यात दुसरं बोलणं होत नाही.

"डावा पुढचा, पाच."

फोन बंद होतो. मी हातातलं काम तसंच धरून उभा राहतो. नाईक योहानचा हात दोनपर्यंतच टिकला होता. त्याने मोजून, नीट, वेळेवर मला कळवलं होतं.