मेश्रामचा पाय ब्रेकवर होता

मागच्या महिन्यात जावई नागपूरहून नवी कार घेऊन आमच्या बालाघाटातल्या खैरलांजीला आले. सगळे औक्षणाच्या ताटाकडे बघत होते आणि मी वाकून कारच्या पुढच्या चाकात हात घातला. या नव्या गाड्यांची ब्रेकची तबकडी उघडीच असते, हे विसरलो. बोटं भाजली. कुंकू जावयाला लागलं, हळद माझ्या बोटांना.

"बाबा, कारच्या बी पाया पडता का?" मुलगी म्हणाली.

"सवय आहे," एवढंच सांगितलं. ती कुठं लागली, ते लिहितो.

मी सेनेत व्हेईकल मेकॅनिक होतो. तेव्हा पोस्टिंग लडाखच्या वाटेवर, अवजड ट्रेलरच्या तुकडीत होती. पुढं ओढणारा ट्रक, मागं लांबलचक ट्रेलर, त्यावर रस्ता मोकळा करणारा बुलडोझर. हा ट्रेलर चालवायचा नायक देवाजी मेश्राम, आमच्या बैहरकडचा. तुकडीत पंजाबी, तमिळ, गढवाली असे सगळे, बोलणं हिंदीत. बालाघाट जिल्ह्यातले आम्ही दोघंच. दिवसभर 'जी साब' चालायचं. ट्रेलरखाली शिरलो की आपली बोली सुरू. त्यामुळं ज्या ट्रेलरला काहीच झालेलं नसे, त्याच्याखालीही आम्ही बरेचदा सापडायचो.

सकाळचं काम ठरलेलं. ट्रेलर थोडा चालवायचा, ब्रेक मारायचे, मग उतरून एकेका चाकाच्या ब्रेक-ड्रमला हात लावायचा. सगळे सारखे कोमट असले तर ठीक. एखादा जास्त तापलेला असला तर त्याचा ब्रेक सुटत नाही. एखादा थंडगार असला तर तो पकडतच नाही. मेश्राम वरून विचारायचा, "ताप हाय का बे कोनाले?"

त्या दिवशी खिंडीच्या चढावर समोरून रुग्णवाहिका आली. तिला वाट द्यायला काफिला थांबला. मेश्रामनं पार्किंग ब्रेक लावला. निघायची वेळ झाली, तर ट्रेलरची चाकं सुटेनात. उजवीकडं दरी. डावीकडं ठिसूळ कडा. रात्रीच्या बर्फानं त्याचे दगड धरून ठेवलेले असतात. दुपारचं ऊन पडलं की सुटू लागतात. रस्ता अरुंद, रुग्णवाहिका कशीबशी निघाली, पण ट्रकला वाट नाही; मागं सगळा काफिला अडकलेला.

रेडिओवर कॅप्टनसाहेब आले. "ट्रेलर कब हिलेगा? ओव्हर."

"देख रहा हूँ, सर. ओव्हर," मी सांगितलं.

ट्रेलरचा पार्किंग ब्रेक हवेनं लागत नाही, हवेनं सुटतो. हवा पोचली नाही तर आतल्या स्प्रिंगा चाकं आवळून धरतात. म्हणून हवा कुठं अडली ते शोधायचं. ट्रकच्या हवेचा काटा पूर्ण दाब दाखवत होता. ट्रेलरला जाणारा लाल पाईप सोडून पाहिला. हवा तोंडावर आली. ट्रक बरोबर होता. पाईप परत जोडला आणि ट्रेलरच्या टाकीखालची कळ ओढली. आवाजच नाही, टाकी रिकामी. म्हणजे टाकीच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो, त्यात हवेतल्या पाण्याचा बर्फ झाला होता.

त्याला आग दाखवायची नसते. आतलं रबर जळतं. गरम पाणी हवं होतं. मागच्या गाडीतल्या लंगरात फक्त काफिल्याचा चहा तयार होता. मी पातेलंच उचलून आणलं. व्हॉल्व्हला पोतं गुंडाळलं आणि ओतू लागलो. आचारी मागून ओरडत होता.

"काहून बे, चाय पाजून राह्यला का त्याले?" केबिनमधून मेश्राम. "बिस्कुट बी दे."

तेवढ्यात पहिला दगड ट्रेलरच्या मागं पडला. मग दुसरा.

"ड्रायव्हर नीचे उतरे। ओव्हर." कॅप्टनसाहेब.

मेश्रामनं ब्रेकवरचा पाय काढला नाही. ब्रेक एकदम सुटले असते तर बुलडोझरच्या वजनानं सगळं मागं गेलं असतं. चाकांमागं लाकडी ठोकळे होते, पण ते किती धरतील याचा भरवसा नव्हता. आणि चाकांमागं मी होतो.

"साब, नीचे मेरा आदमी है। ओव्हर," तो म्हणाला.

मला म्हणाला, "तू पाज. म्या बसलो हाय."

चहा संपत आला तेव्हा व्हॉल्व्ह जोरात शिंकला. टाकीत हवा भरू लागली, स्प्रिंगा मागं सरकल्या. मी ठोकळे ओढले आणि ओरडलो, "चाल!" ट्रेलर हलला.

पुढं रुंद जागेवर थांबून ड्रम तपासले. सगळे कोमट. थंडीनं बधिर झालेले हात मी शेवटच्या ड्रमवर गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवले. मेश्रामनंही शेजारी ठेवले. त्या दिवशी चहा कुणालाच मिळाला नाही. आठवडाभर माझ्या ताटात डाळ पातळ पडायची.

पुढच्या वर्षी त्याच कड्यानं मेश्रामच्या केबिनवर दरड टाकली. मी सुट्टीवर घरी होतो. त्याला गावी आणलं, तेव्हा बायकोला घेऊन बसनं बैहरला गेलो. सलामी झाली. त्याच्या आईजवळ मला उभं केलं, दोन शब्द बोला म्हणाले. तोंडातून फौजी हिंदीच आली. "नायक देवाजी मेश्राम हमारी तुकडी के..." एवढ्यावरच खाली बसलो.

परतीच्या बसमध्ये बायकोनं तिकिटं पदरात बांधली. माझी सुट्टी संपत आली होती. मग खिडकीकडं बघतच म्हणाली, "आता तिकडं आपल्या बोलीत तुमी कोनासंगं बोलसान?"