ती सांगेल तेच

पत्नी गेल्यावर शनिवार खायला उठायचे. ऑफिसात समाजसेवेचे उपक्रम बघणारी मुलगी एकदा टेबलाशी येऊन हळूच म्हणाली की अंध विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक हवे असतात, आपल्याकडून काही जण जातात, तुमचं अक्षरही चांगलं आहे. मी हो म्हटलं. विद्यार्थी सांगेल तेच लिहायचं आणि लेखनिक त्या विषयाचा नसावा, एवढेच नियम होते. मी अकाउंट्समधला, म्हणून मला इतिहासाचा पेपर मिळाला. घरात भिंतभर इतिहासाची पुस्तकं आहेत का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

विद्यानगरच्या कॉलेजात आम्हाला वेगळी खोली होती. बी.ए.ची मुलगी. उत्तरं इंग्रजीत सांगायची, मधलं बोलणं इथल्या दखनी उर्दूत. पर्यवेक्षिका दाराबाहेर बसलेल्या. दोन उत्तरं नीट झाली. तिसरा प्रश्न पानिपतच्या तिसऱ्या लढाईचा. तिनं दुसऱ्या लढाईतला हत्तीवरचा सेनापती उचलून तिसरीत आणून बसवला, आणि पुढचं सगळं उत्तर त्याच्या मागे गेलं. माझ्यासारख्या मराठी माणसाच्या हातून ते लिहिलं जाईना. ती सांगत राहिली आणि मी तुटलेली रसद, उपाशी फौज असं लिहीत गेलो. मला वाटत होतं, मी तिला मदत करतोय.

उत्तर संपलं की ती वाचून दाखवायला सांगे. मी वाचलं, जरा रंगवूनच.

"ये मैं नै बोली," ती म्हणाली.

"गलत था बेटा," मी पुटपुटलो.

"गलत था तो मेरा था ना, अंकल. पिछले साल बी मेरेकू फर्स्ट क्लास आया. कौन पास हुआ, मालूम नै."

मग ती गप्प बसली. ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं. पाहुण्यांसमोर पत्नी काही सांगायला लागली की मी मध्येच गावाचं नाव, साल, कुणाचं नातं दुरुस्त करायचो. "आता तुम्हीच सांगा," म्हणून ती आत जायची. मला वाटायचं, तिला चहाची आठवण झाली.

मुलीनं ते उत्तर खोडायला लावलं आणि पहिल्यापासून सांगितलं. हत्तीसकट मी ते लिहिलं. त्यात वेळ गेला आणि तिचा शेवटचा प्रश्न अर्धा राहिला. चूक माझी आहे, हिला थोडा वेळ वाढवून द्या, असं पर्यवेक्षिकांना सांगावंसं वाटलं. पण लेखनिकानं मनचं लिहिलं हे कळलं असतं तर पेपर तिचाच रद्द झाला असता. कबूल करायचीही सोय मी ठेवली नव्हती.

सोमवारी ऑफिसच्या ग्रुपवर गेटपाशी काढलेला माझा फोटो आला. खाली खूप टाळ्या होत्या.

पुढच्या शनिवारी इतिहासाच्याच दुसऱ्या पेपरला गेलो, तर कॉलेजचा कारकून ओशाळून हसला. मुलीनं दुसरं कुणी मागितलं होतं. "जिसकू हिस्टरी बिल्कुल नै आती, ऐसा कोई देओ बोली," तो म्हणाला. सायन्सच्या पहिल्या वर्षाची एक मुलगी दिली होती.

परतताना त्या खोलीच्या खिडकीवरून गेलो. आत नवी लेखनिक वाक्यावाक्याला अडत होती, "फिर से बोलो अक्का" म्हणत होती, आणि ती न कंटाळता पुन्हा सांगत होती. अख्ख्या पेपरात मी तिला एकदाही तसं म्हटलं नव्हतं.