मौलानांच्या चपला

मौलाना गेल्याचा फोन आला आणि माझी अशी काही धांदल उडाली, की पडेगावला मदरशाच्या दारात स्कूटर लावल्यावर लक्षात आलं, उजव्या पायात चामडी चप्पल आहे आणि डाव्या पायात न्हाणीघरातली निळी रबरी. नेहमीची कापडी पिशवीही घरीच राहिलेली. ही विजोड जोडी तशीच पायताणांच्या गर्दीत सोडली आणि आत शिरलो. आत माणसंच माणसं. वाळूजच्या कंपन्यांतून पाळी टाकून आलेले, खुलताबादहून आलेले, दाढ्या पिकायला लागलेले, सगळे त्यांचे विद्यार्थी. आणि खोटं कशाला बोलू, रडू यायच्या आधी मला हेवा वाटला. आपल्या मयतीला कोण कोण येईल, याचा मी तिथं उभ्या उभ्या अंदाज घेतला... बायको, मुलगी आणि शाळेचा शिपाई, तोही रजा मिळाली तर.

मी महापालिकेच्या शाळेत गणिताचा मास्तर. बऱ्याच वर्षांपूर्वी युसूफ मौलाना माझ्या घरी आले होते. "मास्टरसाब, हमारे बच्चां कुरान याद करतें, उर्दू पढतें. लेकिन मराठी और हिसाब बी आना ना? इतवार को आव." पोरं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होती. मराठीला दुसरे एक सर होते, गणिताला मी. आता यांना खरं शिक्षण दाखवतो, अशा तोऱ्यात मी गेलो. जाताना चपला पिशवीत घालून आत नेल्या. एका लग्नात, मंगल कार्यालयातून माझा नवा कोरा जोड गेला होता, तेव्हापासूनची ही सवय. मौलाना म्हणाले, "चपलां बाहर छोडो मास्टरसाब. यहां कोई नै ले जाता." मी म्हटलं, "सवय हो, दुसरं काही नाही." आणि पिशवी मांडीशी घेऊन बसलो.

पायथागोरस शिकवला. पुढच्या रविवारी अख्खा वर्ग मागंपुढं डोलत तो सिद्धांत एका लयीत म्हणायला लागला. शब्द इकडचा तिकडं नाही आणि गणित एकालाही येत नाही! मला तर आनंदच झाला. "मौलाना, गणित पाठ करायचं नसतं." ते हसले. "पहले अंदर जाने दो. समझ पीछे से आती." त्यांच्याकडं रीत अशी, की मागचा धडा जोडीदाराला म्हणून दाखवल्याशिवाय पुढचा मिळायचा नाही. पोरांनी तीच रीत गणिताला लावली. एकमेकांची प्रमेयं ऐकता ऐकता "ये बाजू कौनसी रे? दिखा ना" असं सुरू झालं, आणि समज खरंच मागून चालत आली. मी तीच रीत माझ्या शाळेत लावून पाहिली. जोड्या मस्त जमल्या, क्रिकेटवर चर्चा झाली.

पण खरी जळजळ वेगळीच होती. मौलाना तास संपवून उठायला लागले, की दोन-तीन पोरं दाराकडं पळायची. त्यांच्या चपला उचलून, बाहेरच्या बाजूला तोंड करून, शेजारी शेजारी मांडायची. उस्तादांनी नुसते पाय घालायचे. कुणी हुकूम सोडलेला नसायचा, तो मान होता. त्यासाठी ढकलाढकली, "कल तूच रखा था, आज मैं रखता!" आणि चपला तरी कसल्या? टाचा झिजून कागद झालेल्या! मला चहा मिळायचा, सलाम मिळायचा, हे मात्र कधीच नाही. ते धर्म शिकवतात, आपण वर्गसमीकरणं... वर्गसमीकरणासाठी कोण पळणार, अशी मी समजूत काढायचो. त्या वर्गातला आमचा सलीम वाळूजला कामाला लागला तेव्हा पेढे घेऊन आला आणि आधी मौलानांकडं गेला. ते म्हणाले, "पहले सर को दे. हिसाब इनों सिखाए." पेढा मी खाल्ला, पण तो त्यांच्या परवानगीनं मिळाला याची टोचणी घशात राहिली. माणूस चांगला असला की हेवा करणं फार अवघड जातं हो. मी तरीही नेटानं करत राहिलो.

त्या दिवशी जनाजा उचलला. माझ्या पायातलं ध्यान कुणाला दिसू नये, म्हणून मी सगळ्यांच्या मागं राहिलो. दाराशी आलो तर ढीग ओसरलेला. भिंतीजवळ मौलानांच्या त्या झिजलेल्या चपला होत्या, बाहेर तोंड करून नीट मांडलेल्या, जणू ते आत्ता उठून येणार आहेत... आणि त्यांच्या शेजारी, तशाच, बाहेर तोंड करून, एक चामडी आणि एक निळी रबरी. सलीम बाजूला उभा होता. डोळे पुसत म्हणाला, "सर, आपकेच हैं ना? उतारते वक्त देखा था मैं." मी नुसते पाय घातले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा, तेही अशा दिवशी. तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. मला वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "अहो, मौलाना पहिल्याच दिवशी म्हणाले होते ना, चपला बाहेर सोडा म्हणून? तुम्ही जन्मभर पिशवी मांडीशी धरून बसलात. लेकरांनी काय पिशवी सरळ करायची होती व्हय?"