झेडचे लांब शब्द

मंडळी, आज नातीच्या मॅडमनं एक्स आणि झेड असलेले लांब इंग्रजी शब्द शोधून आणायला सांगितले. मॅडमला दुसरा धंदा नाय.

मला इंग्रजी येत नाय, पण डोळे शाबूत आहेत. पोरीनं दोन्ही अक्षरं काढून दाखवली. मी म्हाताऱ्याच्या गोळ्यांचा डबा काढला. तेराव्याला त्याचे कपडे वाटले, छत्री पाचोडच्या दिराला दिली. गोळ्या कोण घेणार, म्हणून राहिल्या.

पाकिटांवर वीतभर लांब नावं. मी झेडवर बोट ठेवलं की पोरगी उतरवून घ्यायची.

"आजी, झालं. आता फेकू का हे?"

"असू दे. उद्या तुझ्या मॅडमला दुसरी अक्षरं सुचतील."

डबा परत त्याच्या रिकाम्या खाटेच्या उशाशी ठेवला. रडू आलं नाय.

तुमच्याकडं माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय करता?